सोडतीच्या अलीकडे आणि पलीकडे : अमेरिकेतील चार्टर शाळांच्या प्रवेशप्रक्रियेचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

अमेरिकेत १९९१ नंतर अस्तित्वात आलेल्या चार्टर शाळा सार्वजनिक निधीवर चालतात. मात्र त्यांचे व्यवस्थापन स्वतंत्र असते. जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास प्रवेश सोडतीने द्यावेत, हे तत्त्व या शाळांच्या कायद्यात आरंभापासून आहे. तरीही गेल्या तीन दशकांत या शाळांच्या प्रवेशप्रक्रियेविषयी सतत वाद झाले. प्रस्तुत निबंधात या वादांचा ऐतिहासिक क्रमाने मागोवा घेतला आहे. सोडत निर्दोष असली तरी प्रवेश न्याय्य होतोच असे नाही. मुलांची निवड सोडतीपूर्वी अर्जाच्या टप्प्यावर आणि सोडतीनंतर शाळेत टिकण्याच्या टप्प्यावरही होऊ शकते. कायद्याला ही वस्तुस्थिती हळूहळू उमगत गेली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : चार्टर शाळा, प्रवेशप्रक्रिया, सोडत, समान संधी, सार्वजनिक शिक्षण, शालेय निवड.

१. प्रस्तावना

'चार्टर' या शब्दाचा अर्थ सनद किंवा करारपत्र असा होतो. शिक्षक, पालक अथवा एखादी संस्था राज्याने नेमलेल्या यंत्रणेशी ठरावीक मुदतीचा करार करते. शाळेची उद्दिष्टे, अभ्यासक्रम, मूल्यमापन आणि प्रवेशाचे नियम त्या करारात नमूद असतात. शाळेला अनेक शासकीय नियमांतून सवलत मिळते; त्या बदल्यात ठरलेले परिणाम दाखवण्याची जबाबदारी तिच्यावर येते. उद्दिष्टे साध्य न झाल्यास सनद रद्द होऊ शकते. शिकवणी शुल्क आकारण्यास मनाई असून विद्यार्थ्यांच्या संख्येनुसार शाळेला सार्वजनिक निधी मिळतो. २०२१ च्या सुमारास अशा शाळांतून सुमारे ३७ लाख विद्यार्थी शिकत होते.

पारंपरिक सार्वजनिक शाळेत मुलाचे नाव त्याच्या निवासस्थानावरून ठरते. चार्टर शाळेत मात्र पालकाला स्वतः अर्ज करावा लागतो. या एका फरकामुळे प्रवेशाचा प्रश्न चार्टर शाळांच्या इतिहासात केंद्रस्थानी आला. अर्ज कोणाला करता येतो, त्यासाठी काय मागितले जाते, जागा कशी दिली जाते आणि मिळालेली जागा टिकते का, हे चार प्रश्न या निबंधाचे विवेच्य विषय आहेत.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी : 'निवडीचे स्वातंत्र्य' आणि वंशभेद

पालकांनी शाळा निवडावी ही कल्पना ऐकताना निरुपद्रवी वाटते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र तिला कटू इतिहास आहे. १९५४ च्या ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशाधारित विभाजन घटनाबाह्य ठरवले. या निर्णयाला विरोध म्हणून व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ मध्ये आपल्या सर्व सार्वजनिक शाळा बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उघडण्यात आली आणि तिला शुल्क-अनुदानाच्या वाटेने सार्वजनिक पैसा पुरवण्यात आला. कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळजवळ पाच वर्षे सार्वजनिक शाळाच उरली नाही. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था अवैध ठरवली.

त्याच राज्यातील न्यू केंट काउंटीने सौम्य मार्ग पत्करला. तेथे दोन शाळा होत्या, एक गोऱ्यांची आणि एक कृष्णवर्णीयांची. १९६५ मध्ये प्रत्येक कुटुंबाला शाळा निवडण्याची मुभा देण्यात आली. तीन वर्षांनंतर एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नव्हती आणि सुमारे ८५ टक्के कृष्णवर्णीय मुले जुन्याच शाळेत होती. १९६८ च्या ग्रीन खटल्यात न्यायालयाने ही योजना अपुरी ठरवली. विभाजन मोडण्याचे दायित्व शालेय मंडळाचे होते; 'निवडी'च्या नावाखाली ते मुलांवर आणि पालकांवर ढकलले गेले, असा या निकालाचा आशय होता.

या दोन प्रकरणांतून पुढील कायदेकर्त्यांना दोन धडे मिळाले. सार्वजनिक पैसा जेथे जातो तेथे भेदभावाला मनाई असली पाहिजे आणि निवडीचा अधिकार केवळ कागदावर असून भागत नाही. यांपैकी पहिला धडा चार्टर कायद्यांनी लगेच स्वीकारला. दुसरा पचनी पडण्यास बराच काळ गेला.

३. चार्टर कल्पनेचा उगम आणि पहिले कायदे

चार्टर शाळेच्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्राध्यापक रे बडी यांना दिले जाते. १९७० च्या दशकात मांडलेली ही कल्पना त्यांनी १९८८ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ३१ मार्च रोजी अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी वॉशिंग्टन येथील भाषणात तिला सार्वजनिक पाठबळ दिले. रूढ शाळेत ज्या मुलांचे मन रमत नाही, त्यांच्यासाठी शिक्षकांच्या लहान गटांना नवे प्रयोग करता यावेत, हा त्यामागील हेतू होता.

मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये पहिला चार्टर कायदा संमत केला. या कायद्याने आरंभी केवळ आठ शाळांना परवानगी दिली होती. पहिली शाळा 'सिटी अकॅडमी' १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात सुरू झाली आणि ती शिक्षण अर्धवट सोडलेल्या तरुणांसाठी होती. म्हणजेच इतर शाळांना नकोशा झालेल्या विद्यार्थ्यांसाठी या चळवळीचे पहिले दार उघडले, ही बाब पुढील घडामोडी समजून घेताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मिनेसोटाच्या कायद्याने बौद्धिक क्षमता, शैक्षणिक संपादणूक किंवा क्रीडाकौशल्य यांच्या आधारे प्रवेश मर्यादित करण्यास मनाई केली आणि अर्ज अधिक झाल्यास चिठ्ठ्या टाकून प्रवेश देण्याचे बंधन घातले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने प्रवेश इच्छिणाऱ्या सर्वांना सामावून घ्यावे आणि जागा अपुऱ्या पडल्यास जाहीर सोडत काढावी, असा नियम केला. १९९४ मध्ये संघराज्य शासनाने चार्टर शाळांसाठी अनुदान योजना सुरू केली. तिच्या व्याख्येतही सोडतीची अट समाविष्ट झाली. त्यामुळे सोडत ही चार्टर शाळेच्या सार्वजनिकतेची खूण मानली जाऊ लागली.

सोडतीला शैक्षणिक संशोधनातही महत्त्व आले. सोडतीत जागा मिळालेली आणि न मिळालेली मुले आरंभी सारखीच असतात, म्हणून त्यांच्या पुढील प्रगतीची तुलना करून शाळेचा परिणाम मोजता येतो. न्यूयॉर्क आणि बोस्टन येथील चार्टर शाळांवर या पद्धतीने झालेल्या अभ्यासांत परीक्षेतील गुणांवर अनुकूल परिणाम आढळला. मात्र अशा अभ्यासांतील तुलना सोडतीत नाव असलेल्या मुलांपुरतीच असते. ज्यांचे नाव सोडतीपर्यंत पोहोचलेच नाही, त्यांच्याविषयी ती काही सांगत नाही.

४. सोडतीपूर्वीची गाळणी

विद्यार्थ्यांच्या संख्येनुसार निधी मिळत असल्यामुळे शाळेला पट भरलेला हवा असतो. त्याच वेळी सनदेचे नूतनीकरण बहुतांशी परीक्षांच्या निकालांवर अवलंबून असते. २००२ मध्ये अमलात आलेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने निकालांचे महत्त्व आणखी वाढवले. या परिस्थितीत सर्व मुले शाळेच्या हिशेबात सारखी राहत नाहीत. ज्याला विशेष शिक्षक लागतो, ज्याला इंग्रजी येत नाही किंवा ज्याची हजेरी अनियमित आहे, असे मूल खर्च वाढवते आणि निकाल खाली आणण्याची शक्यता असते. निवड करण्याची प्रेरणा अशा रीतीने व्यवस्थेतच रुजलेली आहे. तिच्यासाठी कोणाच्या मनात दुष्ट हेतू असावाच लागतो असे नाही.

कायद्याने उघड निवडीला मनाई केली असल्याने ही प्रेरणा अर्जाच्या नमुन्यात उतरली. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनची दक्षिण कॅलिफोर्निया शाखा आणि पब्लिक ॲडव्होकेट्स या संस्थांनी कॅलिफोर्नियातील चार्टर शाळांच्या लेखी प्रवेशधोरणांचा अहवाल प्रसिद्ध केला. किमान २५३ शाळांच्या, म्हणजे राज्यातील एकपंचमांशाहून अधिक चार्टर शाळांच्या धोरणांत मुलांना वगळणाऱ्या अटी असल्याचे त्यात नोंदवले होते. पूर्वीच्या गुणांची अट, विद्यार्थ्याकडून निबंध किंवा मुलाखत, इंग्रजीच्या प्रभुत्वाची अपेक्षा, पालकांनी शाळेत ठरावीक तास विनामोबदला काम करण्याची सक्ती आणि स्थलांतरित कुटुंबांना धास्ती वाटेल अशा कागदपत्रांची मागणी, अशा त्या अटी होत्या. अहवालानंतर अनेक शाळांनी आपली धोरणे दुरुस्त केली. यावरून काही ठिकाणी कायद्याविषयीचे अज्ञान आणि जुन्या नमुन्यांची नक्कल हीही कारणे असावीत, असे म्हणता येते.

यांपैकी कागदपत्रांचा प्रश्न विशेष गंभीर आहे. १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की अधिकृत परवान्याविना देशात राहणाऱ्या मुलांनाही सार्वजनिक शाळेचा प्रवेश नाकारता येणार नाही. शाळा निवासाचा पुरावा मागू शकते. परंतु सामाजिक सुरक्षा क्रमांक देण्याची सक्ती केली, की ज्याच्याकडे तो क्रमांक नाही असा पालक अर्ज न भरताच परततो. नकाराचा कोणताही कागद निर्माण होत नाही आणि त्यामुळे दाद मागण्यास आधारही उरत नाही. संघराज्याच्या न्याय आणि शिक्षण विभागांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये अशा मागण्यांविरुद्ध मार्गदर्शक पत्रे काढली.

गाळणी कधी कधी अर्जाच्याही आधी होते. पीटर बर्गमन आणि आयझॅक मॅकफार्लिन या संशोधकांनी २९ राज्ये व राजधानी क्षेत्रातील ६,४५२ शाळांना पालकांच्या नावे ई-पत्रे पाठवली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्तनविषयक अडचणी किंवा कमी गुण यांचा उल्लेख असलेल्या पत्रांना सर्वच प्रकारच्या शाळांकडून कमी उत्तरे आली. मुलाला गंभीर स्वरूपाच्या विशेष गरजा असल्याचे कळवले असता मात्र चार्टर शाळांचा प्रतिसाद पारंपरिक शाळांच्या तुलनेत आणखी सुमारे सात टक्के-अंकांनी घटला.

५. सोडतीनंतरची गळती

सोडतीत नाव लागणे म्हणजे शाळेत टिकणे नव्हे. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ब्रुकलिन येथील सक्सेस अकॅडमी या चार्टर समूहातील एका शाळेविषयी वृत्त दिले. तेथील मुख्याध्यापकांनी १६ मुलांची एक यादी केली होती आणि तिचे शीर्षक 'जायलाच हवे' अशा आशयाचे होते. त्यांपैकी नऊ मुले पुढे शाळा सोडून गेली. ही त्या मुख्याध्यापकांची चूक होती, ती लगेच दुरुस्त करण्यात आली आणि मुलांना काढून टाकणे हे संस्थेचे धोरण नाही, असे संस्थाप्रमुख इव्हा मॉस्कोविट्झ यांनी जाहीर केले. हे प्रकरण गाजले, कारण वारंवार निलंबन, पालकांना दिवसाउजेडी कामावरून बोलावून घेणे, 'ही शाळा आपल्या मुलाला मानवत नाही' असा सल्ला देणे, या मार्गांची चर्चा त्यामुळे उघडपणे सुरू झाली. नाव काढण्याच्या अर्जावर पालकाची स्वेच्छेची सही असल्याने दप्तरी मात्र सर्व काही नियमानुसार दिसते.

या प्रश्नाची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. संघराज्याच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जून २०१२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २००९–१० या वर्षी पारंपरिक सार्वजनिक शाळांत विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ११ टक्के, तर चार्टर शाळांत सुमारे ८ टक्के होते. या तफावतीचा अर्थ मुलांना हाकलले जाते असाच लावला जाई. मार्कस विंटर्स यांनी न्यूयॉर्क आणि डेन्व्हर येथे केलेल्या अभ्यासांत निराळे चित्र दिसले. अशी मुले बालवर्गाच्या टप्प्यावरच चार्टर शाळांकडे कमी प्रमाणात अर्ज करतात आणि चार्टर शाळा मुलांना 'विशेष गरजा' या वर्गात कमी वेळा टाकतात, ही तफावतीची मुख्य कारणे त्यांना आढळली. हा निष्कर्ष स्वीकारला तर दोष सोडतीनंतरच्या टप्प्यावरून बऱ्याच अंशी अर्जाच्या टप्प्याकडे सरकतो. मात्र पालक अर्जच का करत नाहीत, हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र होतो.

रिकाम्या जागांचा मुद्दाही याच टप्प्यावर येतो. वर्षाच्या मध्यात किंवा वरच्या इयत्तेत एखादे मूल शाळा सोडून गेले, तर त्याच्या जागी प्रतीक्षायादीतील मूल घ्यावे काय? पारंपरिक शाळेला दाराशी आलेले मूल घ्यावेच लागते. ज्या चार्टर शाळांवर असे बंधन नसते, त्यांचा वर्ग वरच्या इयत्तांत लहान आणि निवडक होत जातो. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१० च्या कायद्यात काही इयत्तांपुरते जागा भरण्याचे बंधन घातले. विद्यार्थी मिळवण्याच्या आणि टिकवण्याच्या योजना सादर करणेही शाळांवर बंधनकारक केले.

६. न्यू ऑर्लिन्स : एका शहराचा अनुभव

प्रवेशाच्या या सर्व टप्प्यांचे एकत्रित दर्शन लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात घडते. ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना चक्रीवादळानंतर शहरातील बहुसंख्य शाळा राज्याच्या 'रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट' या यंत्रणेकडे गेल्या आणि क्रमाक्रमाने चार्टर व्यवस्थापनाखाली आल्या. २०१४ मध्ये या यंत्रणेने स्वतः चालवलेल्या शेवटच्या शाळाही बंद झाल्या. चार्टर शाळा न मानवल्यास जवळच्या नेहमीच्या शाळेत जावे, हा पर्याय त्यामुळे उरला नाही.

आरंभीच्या वर्षांत प्रत्येक शाळेचा अर्ज वेगळा, मुदत वेगळी आणि सोडतही वेगळी होती. कुटुंबाला शाळाशाळांतून फिरावे लागे. ऑक्टोबर २०१० मध्ये विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वतीने सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेने राज्याविरुद्ध दावा दाखल केला. अशा मुलांना प्रवेश नाकारला जातो, आवश्यक सेवा दिल्या जात नाहीत आणि शिस्तीच्या नावाखाली त्यांना बाहेर काढले जाते, असे आक्षेप त्यात होते. २०१५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार स्वतंत्र निरीक्षणाची व्यवस्था करण्यात आली. ह्युरिया जब्बार यांच्या २०१५ च्या अभ्यासात ज्या ३० शाळांच्या प्रमुखांशी संवाद साधला गेला, त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश शाळांत विद्यार्थ्यांची या ना त्या प्रकारे निवड होत असल्याचे आढळले. रिकाम्या जागांची जाहिरात न करणे हा त्यांतील एक प्रकार होता.

२०१२ मध्ये शहरात 'वनॲप' ही सामाईक प्रवेशपद्धती आली. कुटुंबाने एकाच अर्जात शाळांचा पसंतीक्रम लिहायचा आणि संगणकाने प्रत्येक मुलाला एकच जागा द्यायची, अशी तिची रचना होती. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या जुळणीच्या गणिती सिद्धान्तावर ॲल्विन रॉथ, पराग पाठक व अतिला अब्दुलकादिरोग्लू यांनी अशा पद्धती विकसित केल्या होत्या. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सामाईक पद्धतीमुळे प्रवेशाचा निर्णय शाळेच्या कार्यालयातून बाहेर पडला. त्याच सुमारास शाळेतून काढून टाकण्याची प्रकरणेही एका मध्यवर्ती सुनावणीकडे सोपवण्यात आली. आत येण्याचे आणि बाहेर काढण्याचे असे दोन्ही अधिकार शाळेच्या हातून एकाच वेळी मर्यादित झाले, हे या सुधारणेचे मर्म होय. तथापि काही नामांकित शाळा आरंभी या पद्धतीबाहेर राहिल्या. ज्या शाळांना मागणी सर्वाधिक, त्याच सामाईक नियमांपासून दूर, असे विसंगत चित्र काही वर्षे कायम होते.

७. कायद्याचा विस्तार

वरील अनुभवांचे पडसाद विधिमंडळांत उमटले. न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये विशेष गरजा असलेले, इंग्रजी शिकणारे आणि गरीब कुटुंबांतील विद्यार्थी किती प्रमाणात घ्यावेत व टिकवावेत, याची लक्ष्ये चार्टर शाळांना लागू केली. मे २०१४ मध्ये संघराज्याच्या नागरी हक्क कार्यालयाने एका पत्राद्वारे स्पष्ट केले, की भेदभावविरोधी सर्व कायदे चार्टर शाळांना अन्य सार्वजनिक शाळांप्रमाणेच लागू आहेत. त्याच वर्षी वंचित गटांतील मुलांना सोडतीत अधिक संधी देणाऱ्या भारित सोडतीला विशिष्ट परिस्थितीत मान्यता मिळाली आणि २०१५ च्या संघराज्य कायद्यात तिचा समावेश झाला.

कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने पालकांच्या सक्तीच्या श्रमतासांना प्रवेशाची अट करण्यास बंदी घातली. वंचित गटांची वाट अडवणारे प्रवेश-प्राधान्यक्रम अवैध ठरवले आणि निलंबन वा निष्कासनापूर्वी सुनावणीची तरतूद केली. २०१९ मध्ये नोंदणीपूर्वी विद्यार्थ्याचे दप्तर मागण्यास आणि कोणालाही प्रवेशापासून परावृत्त करण्यास किंवा शाळा सोडण्यास प्रवृत्त करण्यास मनाई झाली. राज्याच्या कायद्याचा भर आधी सोडतीच्या दिवसावर होता. २०१९ पर्यंत त्याची नजर अर्जाच्या पहिल्या पानापासून शाळा सोडण्याच्या अखेरच्या सहीपर्यंत पोहोचली.

८. भारतीय संदर्भ

अमेरिकेतील चार्टर शाळा आणि भारतातील खासगी शाळा यांची रचना भिन्न आहे. तरीही खासगी व्यवस्थापनाच्या शाळेत सार्वजनिक हिताचा प्रवेश सोडतीने देण्याचा प्रश्न येथेही उभा राहिला. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमाने विनाअनुदानित शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी किमान २५ टक्के प्रवेशांची तरतूद केली, चाळणी परीक्षेला मनाई केली आणि वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येणार नाही असे सांगितले. कॅलिफोर्नियाला अनुभवांती सुचलेल्या काही अटी भारतीय कायद्यात आरंभापासूनच होत्या. महाराष्ट्रात हे प्रवेश संगणकीय सोडतीने होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या जबाबदारीतून वगळणारा नियम केला. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. या नियमाने सोडतीला हात लावला नव्हता. सोडतीत कोणत्या शाळा असाव्यात, एवढेच त्याने बदलले होते. अमेरिकेच्या अनुभवाशी त्याचे साम्य येथेच आहे.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, प्रवेशातील अन्याय प्रायः नकाराच्या स्वरूपात प्रकट होत नाही. तो न भरलेल्या अर्जाच्या आणि स्वेच्छेने काढलेल्या नावाच्या स्वरूपात दडलेला असतो. त्यामुळे केवळ सोडतीची नोंद तपासून प्रवेशाची वैधता ठरवता येत नाही. दुसरा, जोवर निधी पटसंख्येवर आणि मान्यता निकालावर अवलंबून आहे, तोवर मुले निवडण्याची प्रेरणा कायम राहणार. तिला केवळ नैतिक आवाहनाने आवर घालता येणार नाही. तिसरा, सामाईक अर्ज, मध्यवर्ती सुनावणी, रिकाम्या जागा भरण्याचे बंधन आणि नोंदणीपूर्वी कागदपत्रे मागण्यास मनाई, या उपायांनी शाळेच्या हातातील निवडीचा अवकाश कमी होतो. शेवटचा मुद्दा शाळेच्या सार्वजनिकतेचा आहे. ही सार्वजनिकता निधीच्या स्रोतावरून पुरती सिद्ध होत नाही. शिक्षण सोडलेल्या तरुणांसाठी सेंट पॉल येथे उघडलेल्या पहिल्या चार्टर शाळेने ती कोणाला दारात घेतले यावरून सिद्ध केली होती. पुढच्या शाळांचे मूल्यमापनही याच निकषावर व्हावयास हवे.